इंदूरची वीज: कोळसा, धरण, सौर, अणू. कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या पाण्यावर?

रामबागकर

नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ पासून येतं, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. ते वर चढवायला वीज किती लागते, हे मात्र क्वचितच बोललं जातं. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलायचं, विंध्याचा घाट चढवायचा आणि सत्तरेक किलोमीटर वाहून आणायचं. उंची साधारण अर्धा किलोमीटर धरा. हजार लिटर पाणी ५०० मीटर वर न्यायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने १.३६ युनिट लागतात. पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण धरलं की आकडा दोन युनिटांच्या घरात जातो. म्हणजे ज्या घरात रोज पाचशे लिटर पाणी लागतं, तिथे रोज एक युनिट नळातून येतं. ते घरच्या मीटरवर कधीच दिसत नाही. महापालिकेचं या पंपांचं बिल महिन्याला पंचवीस कोटींच्या आसपास जातं. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

धागा काढण्याचं कारण असं. विजेच्या पर्यायांची तुलना करताना बहुतेक वेळा एकच तक्ता पुढे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१४ च्या अहवालातले मध्य आकडे असे आहेत: खाणीपासून राखेपर्यंत सगळं धरून, एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, गॅस ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, छतावरचं सौर ४१, जलविद्युत २४, अणू १२ आणि जमिनीवरची पवनचक्की ११. हे आकडे मला मान्य आहेत. कोळसा आधी गेला पाहिजे, हेही मान्य आहे. पण नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणात बुडालेलं हरसूद या तक्त्यात कुठेच नाही. चोवीस ग्रॅमच्या रकान्यात एक अख्खं गाव कसं बसवायचं? यावर सगळ्यांनी लिहावं. ज्यांनी यातलं काही जवळून पाहिलंय, त्यांनी तर नक्कीच.

टर्बाइन

मी औष्णिक केंद्रात बॉयलर विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सुरुवात कोळशापासून करतो, कारण रात्री आठ वाजता इंदूरला मिळणारी वीज बहुतेक तिथूनच येते.

६०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला १ कोटी ४४ लाख युनिट देतो. आपल्या प्रतीचा कोळसा युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम लागतो. म्हणजे दिवसाला नऊ हजार टनांच्या वर, दोनपेक्षा जास्त मालगाड्या. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते, म्हणून त्याच दिवशी तीन हजार टन राख मागे उरते. एका दिवसात, एका संचातून. खंडवा जिल्ह्यातल्या संत सिंगाजी केंद्रात असे चार संच आहेत, दोन ६०० चे आणि दोन ६६० चे, एकूण २५२० मेगावॅट.

राखेचं बघा. चिमणीतली बारीक राख विद्युत अवक्षेपक पकडतो, ती सिमेंटला आणि विटांना जाते. भट्टीच्या तळाची जाड राख पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळं वरून सुकलं आणि वारा सुटला की आसपासच्या गावात वाळत घातलेले कपडे, गुरांचा चारा, हरभऱ्याची पानं, सगळं करडं होतं. कितीही टँकर फिरवले तरी पुरे पडत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौलीत सासनला राखेचा बंधारा फुटला आणि सहा जणांचा जीव गेला. राख शेतांवरून वाहत गेली. अशी जमीन पुन्हा कसायला मिळेपर्यंत शेतकऱ्याचे हंगाम जातात.

पाण्याचाही आकडा देतो. २०१५ च्या नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत मुभा आहे. त्या हिशेबाने वर सांगितलेल्या एका संचाला दिवसाला पाच कोटी लिटर लागू शकतात.

हे सगळं सांगूनही एक विनंती आहे. कोळसा बंद करा म्हणताना तिथल्या कंत्राटी कामगारांचा विचार करा. राखेच्या पाइपलाइनवर, कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारी माणसं बहुतेक त्याच गावांतली आहेत ज्यांची जमीन प्रकल्पात गेली. जमीन गेली, नोकरी मिळाली, उद्या नोकरीही जाईल.

निमाडची_लेक

रामबागकर दादा, हरसूदचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. माझं माहेर तिथलं.

३० जून २००४ ही गाव रिकामं करायची शेवटची तारीख होती. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली. भरपाईसाठी ते दाखवावं लागायचं, आणि सागवानी दारं, खिडक्या, कौलं, विटा उपयोगाला येतील म्हणूनही. आमच्या आजीने चुलीमागची भिंत शेवटपर्यंत पाडू दिली नाही. काकांनी ती दुसऱ्या दिवशी पाडली. नवीन हरसूद छनेराला वसवलं. प्लॉट मिळाले, पण बाजार मिळाला नाही. हरसूद हे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं गाव होतं. खेडीही पाण्यात गेल्यावर दुकान मांडून विकणार कुणाला? काकांचं किराणा दुकान होतं, ते शेवटी खंडव्याला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले. भरपाईच्या फरकासाठी वडील ज्या कचेरीत खेटे घालत होते, तिथली फाइल ते गेले तेव्हाही उघडीच होती.

इंदिरासागरमुळे अडीचशेच्या आसपास गावं बाधित झाली. जलाशय ९०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. वीज १००० मेगावॅट. २८ सप्टेंबर १९८९ ला याच हरसूदमध्ये देशभरातून हजारो लोक जमले होते आणि विनाशकारी विकास नको असा संकल्प केला होता. पंधरा वर्षांनी ते मैदानही पाण्याखाली गेलं.

ताई, तुम्ही वीज वापरत नाही का, असं मला नेहमी विचारलं जातं. वापरते. म्हणूनच तिचा हिशेब पूर्ण असावा असं मला वाटतं.

तिळकनगर

ताई, वाचून फार वाईट वाटलं. एक शंका आहे. धरणाचं पाणी शेतीलाही गेलं ना? मग सगळा दोष विजेच्या माथी कसा मारायचा?

निमाडची_लेक

सिंचन आहेच. निमाडात कालव्यांनी पीकपाणी बदललं, हे मी नाकारणार नाही. पण ज्याला कालवा मिळाला तो वेगळा आणि ज्याचं शेत गेलं तो वेगळा. एकाच्या जमेतून दुसऱ्याचं येणं परस्पर वजा करता येत नाही.

कोयनाकाठ

मी पाटणचा. इंदूरच्या धाग्यावर लिहितोय, पण विषय आमचाही आहे.

कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. महाराष्ट्राची संध्याकाळ वर्षानुवर्षं कोयनेने सांभाळली. संध्याकाळी एकदम मागणी चढते तेव्हा काही मिनिटांत भार उचलणं जलविद्युतला जमतं, कोळशाला नाही. हे तिचं मोठेपण मान्य करायलाच हवं. पण आमच्याकडची उठलेली गावं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड अशी विखुरली गेली. भाऊ एकीकडे, चुलते दुसरीकडे. धरणाला साठ वर्षं झाली तरी जमिनीसाठी मोर्चे निघतातच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त झालं. जलाशयाच्या भाराने भूकंप होतात का, या प्रश्नाच्या अभ्यासात आजही जगभर कोयनेचं नाव येतं.

आणि एक. तक्त्यातला २४ हा मध्य आकडा आहे. त्याच अहवालात जलविद्युतची कमाल २२०० ग्रॅमपर्यंत दिली आहे. उष्ण प्रदेशात जंगल, झाडोरा न काढता पाणी भरलं की तळाशी तो कुजतो आणि मिथेन सुटतो. त्यामुळे ‘धरण म्हणजे स्वच्छ वीज’ असं सरसकट म्हणता येत नाही. धरण कुठलं, ते विचारायला लागतं.

अणुरेणू

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हा मुद्दा कुणीतरी मांडायला हवा. १०० कोटी युनिट विजेमागे मृत्यू किती, याचे जागतिक अंदाज उपलब्ध आहेत. कोळसा २५ च्या आसपास, गॅस ३ च्या आसपास, जलविद्युत एकाहून थोडे जास्त. अणू, वारा आणि सौर या तिघांचे आकडे ०.०५ च्याही खाली आहेत. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरून. अणुऊर्जेची जी भीती घरोघरी आहे, ती या आकड्यांशी जुळत नाही. शिवाय जमीन कमी लागते आणि वीज रात्रीही मिळते. तारापूर १९६९ पासून चालू आहे. गुजरातेत काकरापारला ७०० मेगावॅटचे देशी संच सुरू झाले. मग मंडल्यातल्या चुटक्याच्या अणुकेंद्राला इतका विरोध का?

टर्बाइन

सर, त्या आकड्यांबद्दल दोन गोष्टी. कोळशाचा २५ हा अंदाज मुख्यतः युरोपातल्या केंद्रांवर बेतलेला आहे. तिथे गंधक काढणारी यंत्रं कधीच बसली आहेत. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये नियम झाला, दोन वर्षांत यंत्रं बसवायची होती. मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. म्हणजे आपल्या कोळशाची किंमत त्या आकड्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता मोठी. दुसरं, जलविद्युतचा आकडा बहुतांशी एकाच दुर्घटनेचा आहे: चीनमधलं बांचाओ धरण, १९७५. ती वगळली तर तो खूप खाली येतो. बुडालेल्या घरांचा आकडा त्यात मुळातच नाही, कारण गाव सोडून जगणारा माणूस मृतांमध्ये मोजला जात नाही.

रामबागकर

टर्बाइन काकांच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. अणुरेणू सरांनी चुटक्याबद्दल विचारलं, त्याचं उत्तरही तिथेच आहे असं मला वाटतं.

चुटका बरगी जलाशयाच्या काठावर आहे. बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झालं, १६२ गावं बाधित झाली. त्यातले गोंड आदिवासी आणि इतर लोक पाण्याच्या वर सरकून काठाला राहिले. आता त्याच काठावर ७०० मेगावॅटचे दोन अणुसंच प्रस्तावित आहेत. किरणोत्सर्गाचा प्रश्न नंतरचा. त्या लोकांचा पहिला प्रश्न सरळ आहे: आम्हाला दुसऱ्यांदा का उठवता? महाराष्ट्रातही तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली होती. अणूच्या त्या ०.०५ हून कमी आकड्यात तीही नाहीत.

सिंगरौलीचं तसंच. १९६२ मध्ये रिहंद धरण झालं, लोक उठले. ज्या नव्या जागी बसले तिथे खाली कोळसा निघाला. खाणींसाठी पुन्हा उठले, मग केंद्रांसाठी, मग राखेच्या तळ्यांसाठी. देशातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र, विंध्याचल, ४७६० मेगावॅट, याच पट्ट्यात आहे.

आणि आता आपल्या जवळचं. इंदिरासागरने गावं बुडवली. त्याच जलाशयाच्या पाण्यावर सिंगाजी केंद्र उभं राहिलं. ज्या संतांचं नाव केंद्राला दिलं, त्यांची समाधी आज बॅकवॉटरने वेढलेली आहे. खाली ओंकारेश्वर धरण, ५२० मेगावॅट. २०१२ मध्ये घोघलगावचे लोक सतरा दिवस पाण्यात उभे राहिले, पायांची कातडी सोलवटली, तेव्हा कुठे पाण्याची पातळी आणि जमिनीच्या बदल्यात जमीन यावर सरकार बोललं. त्याच ओंकारेश्वर जलाशयावर आता तरंगतं सौर येतंय.

कोळसा, धरण, अणू, सौर असे चार रकाने आपण आखतो, पण नर्मदेच्या काठाने चालत गेलं तर चारही रकान्यांत तीच माणसं भेटतात. माझ्या मते तुलना करताना पहिला प्रश्न हाच असावा: हा प्रकल्प ज्यांच्या दारात येतोय, त्यांनी याआधी काय दिलं आहे? ग्रॅम आणि मृत्यू मोजायलाच हवेत. पण सरासरी काढली की पुन्हा पुन्हा देणारा माणूस तिच्यात हरवतो.

सरदार सरोवराच्या विजेतला ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा आहे, २७ महाराष्ट्राचा, १६ गुजरातचा. बडवानी आणि धारची गावं गेली, तिकडे अक्कलकुवा-अक्राणीची गेली. त्या ५७ टक्क्यांतून निसरपूर-चिखल्द्याच्या लोकांना वेगळं काय मिळालं, हे विचारणं आपलं काम आहे. वीज आपल्यालाच येते.

छतावरचं_ऊन

मी इंदूरमध्ये सोलर बसवतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं समजा. पण हिशेब खरा देतो.

इंदिरासागर वर्षाला साधारण दोनशे ते तीनशे कोटी युनिट देतं. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅट सौर वर्षाला साडेसतरा लाख युनिटांच्या आसपास देतं आणि जमीन पाच एकरांपर्यंत लागते. वरचा आकडा, तीनशे कोटी, धरला तरी सगळी वीज सौरने काढायला पस्तीसेक चौरस किलोमीटर पुरतात. जलाशय नऊशेहून जास्त चौरस किलोमीटरचा आहे. सिंचन आणि पूरनियंत्रण सौर देत नाही, हे कबूल. पण नुसत्या विजेपुरतं बघायचं तर नवीन मोठं धरण आता कुणी सुचवू नये.

रीव्याच्या ७५० मेगावॅटच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला होता. तिथली काही वीज दिल्ली मेट्रोला जाते. नंतर नीमचचे दर आणखी खाली आले.

आणि छत सोडू नका. छतासाठी कुणाचंच शेत जात नाही. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, रोजचे सरासरी चार युनिट मिळतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटला १८ हजार. जुन्या इंदूरमध्ये मात्र पंचाईत होते. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत शेजारच्या इमारतीची सावली दुपारी दोनलाच येते. एका ओळीतलं एक पॅनेल सावलीत गेलं तरी सगळी ओळ मार खाते, म्हणून तिथे प्रत्येक पॅनेलला वेगळा ऑप्टिमायझर लावावा लागतो आणि खर्च वाढतो. मार्च ते जून धूळ इतकी बसते की आठवड्याला पुसलं नाही तर उत्पादन उघड दिसेल इतकं पडतं. पहाटे पुसा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

पॅनेल पंचवीस वर्षांनी काढावी लागतील, तो कचरा मोठा असणार. २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश झाला आहे. पण मोडक्या पॅनेलची काच आणि ॲल्युमिनियम भंगारवाला काढून घेतो आणि बाकीचं नाल्याकाठी टाकतो, हे मी आजच पाहतोय.

तिळकनगर

आणि रात्री काय?

टर्बाइन

रात्रीचा प्रश्न खरा आहे. दिवसा सौर जोरात असतं तेव्हा कोळशाच्या संचांना भार खाली आणायला सांगतात आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत पुन्हा वर चढायला. बॉयलरच्या नळ्यांना हे सोसत नाही. सतत तापणं-निवणं चाललं की वेल्ड फुटतात. जलूदचंही तसंच आहे. पंप रात्रीही चालतात, तेव्हा ६० मेगावॅट सौर असलं तरी रात्रीचं पाणी ग्रिडच्या विजेनेच चढतं.

उपाय दोन-तीन आहेत. बॅटरी. दुसरं, वर-खाली पाणी खेळवणारी साठवण. नीमच जिल्ह्यात गांधीसागरला तसा मोठा प्रकल्प उभा राहतोय, दिवसा स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. तिथला मोठा जलाशय १९६० पासून आहे, त्यामुळे नव्या बुडिताचा प्रश्न लहान. तिसरा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं: मागणी दिवसाकडे सरकवणं. शेतीचा फीडर दिवसा, पाण्याच्या टाक्या दिवसा भरायच्या. इंदूरला टाक्यांची साठवण वाढवली तर रात्रीचे पंप कमी करता येतील. एक टाकी बांधायला कुणाचं गाव उठवावं लागत नाही.

अणुरेणू

रामबागकर, तुमचा दुसऱ्यांदा उठवण्याचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी माझ्या जागी आहे. कोळसा जायचा असेल तर रात्रीसाठी काहीतरी स्थिर लागेल, आणि बॅटरीतलं लिथियम-कोबाल्टही कुणाच्या तरी जमिनीतूनच येतं. अणुकेंद्र जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी उभारता येईल का, याचा विचार व्हावा. जमीन घेतलेली आहे, पाणी आहे, वाहिन्या आहेत. नव्याने कुणाला उठवायला नको.

टर्बाइन

विचार योग्य आहे सर. फक्त केंद्राभोवती लोकवस्ती नसलेला पट्टा ठेवावा लागतो, आणि जुन्या कोळसा केंद्रांना खेटून वसाहती वाढल्या आहेत. तिथेच घोडं अडतं.

निमाडची_लेक

मला तरंगत्या सौरबद्दल लिहायचंय. ओंकारेश्वर जलाशयावर एकूण ६०० मेगावॅटचा आराखडा आहे, पहिला टप्पा २७८ चा. ऐकायला किती छान. जमीन नको, पाण्याचं बाष्पीभवन कमी, पॅनेल थंड राहतात. हे सगळं खरंही आहे.

पण त्या पाण्यावर मासेमारी चालते. शेत बुडाल्यावर काठच्या कितीतरी घरांना मासेमारीचाच आधार उरला. पॅनेलचे ताफे आणि त्यांचे नांगर-दोर जिथे आहेत तिथे जाळं टाकता येत नाही. लोक विरोधाला उभे राहिले तेव्हा हे स्वच्छ ऊर्जेच्या विरोधात आहेत, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कोळसा केंद्र, मोठं धरण किंवा अणुकेंद्र यांना पर्यावरण मंजुरी लागते आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. सुनावण्या कशा होतात ते आम्ही पाहिलंय, तरी निदान माइकसमोर उभं राहून नाव नोंदवून बोलता येतं. सौर प्रकल्पांना ती मंजुरीच लागत नाही. मग सुनावणीही नाही. मासेमाराने आपलं म्हणणं मांडायचं कुठे? २००८ च्या जलविद्युत धोरणात निदान प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षं महिना शंभर युनिट वीज देण्याची तरतूद होती. तरंगत्या सौरसाठी तसं काही असायला काय हरकत आहे?

मला सौर हवं आहे. कोळशापेक्षा शंभरदा हवं आहे. म्हणूनच ते आमच्या माणसांना विचारून यावं.

छतावरचं_ऊन

ताई, तांत्रिक बाजूने सांगतो. ताफ्यांच्या मधून होड्यांसाठी पट्टे सोडता येतात. आराखडा होतानाच ठरवलं तर खर्च फारसा वाढत नाही. नांगर टाकून झाल्यावर बदलायचं म्हटलं तर मात्र कुणीच तयार होत नाही. म्हणून हे निविदेतच लिहिलेलं हवं: कुठल्या काठावर जाळी पडतात, कुठल्या महिन्यात, होडी कुठून निघते.

रामबागकर

हे नेमकं झालं. जलूदच्या रोख्यांत इंदूरच्या बऱ्याच लोकांचे पैसे आहेत, माझेही थोडे आहेत. गुंतवणूकदार म्हणून महापालिकेला पत्र लिहून दोन गोष्टी विचारतो आहे: टाक्यांची साठवण वाढवून दिवसाचं पंपिंग किती वाढवता येईल, आणि पुढचा कुठलाही प्रकल्प नर्मदेच्या काठावर किंवा पाण्यावर घेणार असाल तर गावांशी बोलणं निविदेआधी होईल का. मसुदा उद्या इथे टाकतो. टर्बाइन काका, पंपिंगचे आकडे तुम्ही तपासा. ताई, मासेमारीचा परिच्छेद तुम्हीच लिहा.

निमाडची_लेक

लिहिते. घोघलगावला मामेभाऊ आहे, होडी चालवतो. त्याला विचारून जाळ्यांचे महिने आणि जागा टाकते.